10 तालुक्यांचे 14 झाले: पायथनच्या स्ट्रिपविषयी

लातूर जिल्ह्यात तालुके 10 आहेत. पण गेल्या खरिपात सोयाबीन बियाण्याच्या नोंदी जुळवताना माझ्या गोषवाऱ्यात ते 14 निघाले. कोणी ‘औसा’ लिहिले होते, तर कोणी ‘औसा’ लिहून पुढे स्पेस सोडली होती, आणि डोळ्यांना एकच दिसणारी ही नावे संगणकाच्या लेखी वेगळी होती. तेव्हापासून पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील स्ट्रिप ही मेथड, म्हणजे मजकुरावर ठरलेले काम करणारी आज्ञा, मी नित्य वापरतो आहे आणि तिला पाचपैकी चार गुण देतो.

शब्दाच्या दोन्ही कडांची स्पेस, टॅब आणि नवी ओळ ती काढून टाकते. एक्सेलमधील ट्रिम हे फंक्शन केवळ साधी स्पेस ओळखते, त्यामुळे वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरातील 160 क्रमांकाची न तुटणारी, म्हणजे तिथे ओळ मोडू न देणारी, स्पेस तशीच राहते. स्ट्रिप कडेला असलेली तीही काढते. मात्र ‘शिरूर अनंतपाळ’ या नावाच्या मध्ये दोन स्पेस पडल्या असतील, तर ट्रिम त्यांची एक करते आणि स्ट्रिप त्यांना हातही लावत नाही. तिथे स्प्लिटने शब्द सुटे करून जॉइनने पुन्हा एका स्पेसने जोडावे लागतात. शिवाय स्ट्रिप मूळ स्ट्रिंग, म्हणजे दिलेला मजकूर, बदलत नाही, नवी देते. उत्तर कशात तरी साठवले नाही, तर केलेले काम वाया जाते.

कंसात अक्षरे दिली की मात्र ती फसवते. पत्त्यातील ‘मु. ’ काढण्यासाठी मी एलस्ट्रिपला, म्हणजे फक्त डावी कड छाटणाऱ्या तिच्या बहिणीला, तेवढीच अक्षरे दिली, आणि ‘मु. मुरुड’चे ‘रुड’ झाले! दिलेली अक्षरे ती सलग शब्द म्हणून न घेता सुटी सुटी घेते आणि यादीत नसलेले अक्षर लागेपर्यंत छाटत जाते. या कामासाठी पायथन 3.9 पासून सुरुवातीचा दिलेला तुकडा अख्खा काढणारे रिमूव्हप्रिफिक्स आहे, तेच वापरावे.

मराठी मजकुरात खरी अडचण न दिसणाऱ्या चिन्हांची आहे. शून्य रुंदीची स्पेस स्ट्रिपच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून ती कडेला असली तरी निघत नाही. वैतागून मी अशी सगळीच अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकली, तेव्हा प्रोग्रामला ‘शेतकर्‍याचे नाव’ हा रकानाच सापडेना. अर्ध्या र चे आडवे रूप त्या शीर्षकात शून्य रुंदीच्या जोडचिन्हावर उभे होते. ते जाताच र रफार होऊन य च्या डोक्यावर बसला आणि शीर्षक ‘शेतकर्याचे’ झाले. आता मी फक्त शून्य रुंदीची स्पेस काढतो, जोडचिन्हाला हात लावत नाही, आणि नव्या याद्यांची शीर्षके नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ने टंकतो, कारण त्याला जोडचिन्ह लागतच नाही.