कॅम नवा, लिफ्टर जुने: चालतील का?

शेवरोलेच्या व्ही-8 इंजिनात नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) टाकायचा ठरला की बहुतेक बजेट कॅममध्येच संपते. मग कॅमचे उंचवटे (लोब) ज्यांना ढकलून व्हॉल्व्ह उघडतात त्या सोळा लिफ्टरची किंमत बघून हात आखडतो. जुने तर आवाजसुद्धा करत नव्हते, मग बदलायचे कशाला? उत्तर हवे असेल तर आधी लिफ्टरचा तळ बघा: सपाट आहे की खाली चाक आहे?

सपाट तळाचा, म्हणजे फ्लॅट टॅपेट, 1955 पासूनच्या स्मॉल-ब्लॉकमध्ये (शेवरोलेच्या लहान व्ही-8 मध्ये) पिढ्यानपिढ्या चालला. नाव मात्र फसवे आहे, कारण हा तळ किंचित फुगीर असतो. लोबही एका बाजूला इंचाच्या एक-दोन हजारांश भागाइतका उतरता घासलेला असतो. त्यामुळे लोब लिफ्टरला मधोमध न भेटता जरा कडेला भेटतो आणि वर-खाली होताना लिफ्टर स्वतःभोवतीही फिरतो. फिरतो म्हणूनच टिकतो. हजारो मैलांनी हा फुगवटा त्या एका लोबच्या मापाने झिजलेला असतो, जशी वहाण एकाच पायाला बसावी. तो नव्या लोबखाली दिला की फिरणे थांबते, एकाच जागी घासण सुरू होते आणि लोबचे टोक झिजून जाते. त्याचा भुगा तेलातून थेट बेअरिंगपर्यंत पोचतो.

खात्री करायची तर दोन जुने लिफ्टर तळाला तळ लावून धरा. फुगवटा शिल्लक असेल तर ते एकमेकांवर डुलतात. मात्र डुलले तरी नव्या कॅमवर मी ते लावणार नाही. जुने लिफ्टर लावायची एकच वेळ: कॅम तोच परत बसवायचा असेल आणि प्रत्येक लिफ्टर आपापल्याच भोकात जाणार असेल. आपल्याकडच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेटही (म्हणजे लिफ्टरच) सपाट तळाचेच, तिथेही हाच न्याय.

नवे लावले म्हणजे सुटलो असेही नाही. लोबवर असेंब्ली पेस्ट (जोडताना लावायचे दाट वंगण) हवी, तेलात झीज रोखणारे, फॉस्फरसबरोबरच येणारे झिंक भरपूर हवे. 5डब्ल्यू-30 सारख्या आजच्या पातळ तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी फॉस्फरस 0.08 टक्क्यांच्या आत ठेवलेला असतो, तो इथे कमी पडतो. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झाले पाहिजे आणि लगेच 2000 ते 2500 आरपीएमवर वीस-तीस मिनिटे चालले पाहिजे. आयडलवर सोडून चहाला गेलात तर कॅम गेला.

चाकाच्या म्हणजे रोलर लिफ्टरचे गणित वेगळे. स्मॉल-ब्लॉकमध्ये ते कारखान्यातून 1987 पासून येऊ लागले. चाक घासत नाही, लोळते, त्यामुळे ते झिजून एकाच लोबच्या मापाचे होत नाही आणि चांगले लिफ्टर नव्या कॅमवर चालतात. चाकावर खड्डे नकोत, फिरवताना खरखर नको, वर-खाली हलवल्यावर ढिलाई नको. आडवे थोडे हलले तर चालते. ढिलाई असेल तर चाकाच्या बेअरिंगमधल्या सुया कधी सुटतील याचा नेम नाही.

गंमत अशी की जिथे बदलणे सक्तीचे तिथे काम सोपे आहे. जुन्या स्मॉल-ब्लॉकमध्ये इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा वरचा भाग) काढले की लिफ्टर समोर, आणि ते काढल्याशिवाय कॅम बाहेर येतच नाही. 1997 मध्ये कॉर्व्हेटबरोबर आलेल्या एलएस मालिकेत उलटे. तिथे कॅम फिरवला की लिफ्टर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये वर अडकून राहतात आणि हेड (सिलिंडरवरचे झाकण) न उघडता कॅम पुढून निघतो. लिफ्टर बदलायचे तर मात्र दोन्ही हेड उतरवा, गास्केट नवे, आणि कारखान्याचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असल्याने तेही नवे.

म्हणून एलएसमध्ये मैल कमी असतील, तेल वेळेवर बदललेले असेल आणि हेड जागच्या जागी राहणार असतील, तर मी जुनेच ठेवीन. लाख मैल झाले असतील किंवा हेड कुठल्याही कारणाने उतरत असतील, तर नवे लिफ्टर आणि नवे ट्रेही. जुन्या ट्रेची पकड सैल होते, आणि काम करताना एक लिफ्टर खाली पडला की दिवस वाया. चार सिलिंडर बंद करणारी एएफएम यंत्रणा असेल तर त्यातले आठ खास लिफ्टर जास्त उंच लोबच्या कॅमवर ठेवूच नका.

जुन्या ब्लॉकला रोलर बसवायचा मोह होतो, ब्रेक-इनची, म्हणजे सुरुवातीच्या त्या वीस-तीस मिनिटांची, कटकट जाते. पण त्यासाठी पट्टीने जोडलेले महाग लिफ्टर, आखूड पुशरॉड (लिफ्टरचा धक्का वर पोचवणाऱ्या काड्या) आणि कॅम पुढे सरकू नये म्हणून बटण लागते. कॅम स्टीलचा असेल तर स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे गिअरही त्याला चालणारे घ्यावे लागते. आधी ही सगळी यादी मांडून बेरीज करा, मग कॅमची ऑर्डर द्या.