लातूरच्या एका नेत्रचिकित्सालयाचा अनुभव
२०२१ च्या मे महिन्यात कोरोनातून वाचलेल्या माझ्या वडिलांना रुग्णालयातून सोडताना स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या, पण त्या कधी थांबवायच्या हे कोणी नीट सांगितले नाही आणि आम्ही जुन्या चिठ्ठीवर चार महिने मेडिकलमधून आणत राहिलो. रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकतो, अशी तक्रार सुरू झाल्यावर औशाहून येथे आलो. केवळ नंबर काढून चष्मा हाती दिला नाही. आधी घेतलेली औषधे विचारली, डोळ्यांतील दाब मोजला, मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्यामागची नस पाहिली. १० ते २१ (मिलिमीटर पारा) असावा तो दाब उजव्या डोळ्यात ३४ निघाला, शिवाय भिंगाच्या मागच्या बाजूस मोतीबिंदू धरला होता. स्टेरॉइडने दोन्ही होऊ शकते. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो, वाढलेल्या दाबाने नस खराब होऊन म्हणजे काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही, हे डॉक्टरांनी वडिलांचा हात हातात धरून समजावले. गोळ्या एकदम न तोडता फिजिशियनच्या सल्ल्याने कमी करायला लावल्या, रक्तातील साखरही तपासून घेतली. बाकडी अपुरी आहेत, तीन तास ताटकळावे लागते, आणि थेंब घातलेल्या वृद्धांसाठी हे खरोखर त्रासाचे आहे. नियमित थेंबांनी वडिलांचा दाब आता १६ वर आहे.