प्लेस्टेशन २ घ्यायचा, पण नेमका कोणता? फॅट, स्लिम आणि लेबलवरचा आकडा

४ मार्च २००० रोजी जपानमध्ये विक्रीस आलेला प्लेस्टेशन २ हा सोनीचा गेम कन्सोल २०१३ च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिला आणि तेवढ्या काळात त्याचे १५ कोटी ५० लाखांहून अधिक नग विकले गेले. आज तो घेऊ पाहणाऱ्यासमोर जवळजवळ नेहमीच वापरलेले यंत्र असते, आणि विकणारा साधारणपणे एवढेच सांगतो की हा ‘फॅट’ (जुना, जाड) आहे किंवा ‘स्लिम’ (नंतरचा, सडपातळ) आहे. ही माहिती निर्णयाला पुरेशी नाही. बाहेरून सारखे दिसणारे दोन स्लिम आतून इतके निराळे असू शकतात की एकावर जुनी गेम निर्वेध चालावी आणि दुसऱ्यावर तीच अर्ध्यात अडकावी. खरी ओळख यंत्रावरच्या लेबलवर छापलेल्या ‘एससीपीएच’ या अक्षरांपुढील पाच अंकी आकड्यातून पटते, म्हणून भाव विचारण्याआधी तो आकडा विचारावा असा माझा आग्रह आहे.

त्या आकड्याचा आरंभीचा भाग यंत्राची पिढी सांगतो आणि शेवटचा अंक प्रदेश. शेवटी ० असेल तर यंत्र जपानचे, १ असेल तर उत्तर अमेरिकेचे, ३ असेल तर ब्रिटनचे आणि ४ असेल तर युरोपचे असते. मूळ डिस्क आपल्याच प्रदेशाच्या यंत्रावर चालते. भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या डिस्क पाल, म्हणजे ब्रिटन-युरोपच्या यंत्रांच्या, पद्धतीच्या होत्या. हैदराबादेत तयार झालेली ‘हनुमान: बॉय वॉरियर’ किंवा मुंबईच्या ट्राइन गेम्सची ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेले यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. शिवाय अमेरिकी फॅट १२० व्होल्टवर चालतो, त्यामुळे आपल्याकडे त्याला ट्रान्सफॉर्मर जोडणे भाग असते. तो न जोडता थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलेला अमेरिकी फॅट वाचवणे कठीण असते. कोणत्याही स्लिमच्या बाबतीत मात्र अंदाज न बांधता अॅडॅप्टरवरचे किंवा यंत्राच्या तळावरचे व्होल्टेज स्वतः वाचावे.

फॅटचा विस्तार सुमारे ३० सेंटिमीटर गुणिले १८ सेंटिमीटर, उंची ७.८ सेंटिमीटर आणि वजन दोन किलोहून अधिक. वीजपुरवठा आतच असतो, डिस्कचा ट्रे मोटरने बाहेर येतो आणि मागे मुख्य बटण असते. जपानमधील अगदी पहिल्या यंत्रांना मागे पीसी कार्डाची खाच होती. ती संग्राहकांसाठी ठीक, वापरणाऱ्याने त्यांच्या मागे लागू नये. ३०००० पासून (येथून पुढे असा आकडा म्हणजे सर्व प्रदेशांतली ती पिढी) त्या जागी विस्ताराचा मोठा कप्पा आला, ज्यात नेटवर्क अॅडॅप्टर आणि त्याच्या पाठीला साडेतीन इंची हार्ड डिस्क बसते. ३०००० आणि ३९००० या दोन्हींत समोर आय-लिंकची खाच आहे, जिच्या आधारे ‘ग्रान टुरिस्मो ३’ मध्ये सहा यंत्रे जोडता येत. सहा यंत्रे आणि सहा टीव्ही एकत्र आणण्याचा उत्साह आज फार थोड्यांना असेल, त्यामुळे ५०००० मध्ये ही खाच काढून टाकली याचे दुःख करण्याचे कारण नाही. उलट ५०००० मध्ये पंख्याचा आवाज कमी झाला आणि डीव्हीडीच्या रिमोटचे इन्फ्रारेड संकेत घेणारा भाग यंत्रातच आला.

सुरुवातीच्या फॅटची सर्वांत परिचित व्याधी म्हणजे डिस्क न वाचणे. याबाबत अमेरिकेत ग्राहकांनी न्यायालयातही दाद मागितली होती. अनेक यंत्रांत याचे मूळ लेन्सची उंची ठरवणाऱ्या एका लहानशा पांढऱ्या दातेरी चाकात असते, जे वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी एखाद-दुसरा दाता सरकते. झाकण उघडून, मूळ स्थितीची खूण पेनाने करून ते एकेक दाता फिरवत पाहिल्यास मेलेले वाटणारे यंत्र पुन्हा वाचू लागते, हे मी स्वतः दोनदा अनुभवले आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने फॅट स्लिमपेक्षा उदार आहे, कारण आत हात घालायला जागा आहे आणि प्रत्येक भाग वेगळा सुटतो. मला तो अधिक आवडतो यामागे हे कारण आहे, आठवणींचा भाग नंतरचा.

२००४ च्या अखेरीस ७०००० आला आणि जाडी ७.८ वरून थेट २.८ सेंटिमीटरवर उतरली. काही यंत्रांत मुख्य प्रोसेसर आणि चित्र घडवणारी चिप या दोन्ही एकाच चिपमध्ये आल्या, वीजपुरवठा ८.५ व्होल्टच्या बाह्य अॅडॅप्टरमध्ये गेला, मोटरचा ट्रे जाऊन हाताने उघडायचे झाकण आले आणि इथरनेटची खाच जन्मजात मिळाली. या बदल्यात विस्ताराचा कप्पा गेला, म्हणजे हार्ड डिस्क बसवण्याची सरळ सोय संपली. कंट्रोलर, मेमरी कार्ड आणि टीव्हीची केबल दोन्हींना सारखीच लागते. मात्र चौघांनी खेळण्यासाठीचा फॅटचा मल्टिटॅप स्लिमला बसत नाही, हे चार भावंडांच्या घराने आधीच लक्षात घ्यावे. टीव्हीच्या चित्रासाठी तर कोणत्याही पिढीला झुकते माप देण्याचे कारण नाही, कारण कंपोनंट केबल सर्वांना चालते आणि सोबतच्या पिवळ्या वायरीपेक्षा सर्वांवर सारखीच चांगली दिसते.

सुरुवातीच्या स्लिमचा एक दोष मी जवळून पाहिला आहे. लेन्सला जोडलेली चपटी रिबन केबल कालांतराने वर फुगते आणि फिरणाऱ्या डिस्कला खालून घासते. माझ्या पहिल्या स्लिममध्ये नवी घेतलेली डिस्क तासाभराने काढली, तेव्हा तिच्या खालच्या बाजूला कंपासने आखावे तसे एक नेटके वर्तुळ उमटले होते. ती डिस्क पुन्हा कधीच धड चालली नाही. विकणाऱ्याने यंत्र ‘एकदम ओके’ म्हणून दिले होते आणि त्याच्या दुकानात ते पाच मिनिटे खरोखर चाललेही होते. तेव्हापासून स्लिम पाहताना मी झाकण उघडून, लेन्स बोटाने हळूच आतबाहेर सरकवून ती पट्टी सपाट राहते की कमान करते हे तपासतो. कमान करत असेल तर ती खाली दाबून बसवणे शक्य असते, पण तोवर आपली कोणतीही डिस्क आत घालू नये.

स्लिमच्या आतला सर्वांत महत्त्वाचा फरक ७०००० आणि ७५००० यांच्यात आहे, आणि तो बाहेरून मुळीच दिसत नाही. ७०००० पर्यंतच्या प्रत्येक यंत्रात पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर प्रत्यक्ष बसवलेला होता. प्लेस्टेशन २ ची गेम चालू असताना तो कंट्रोलर, मेमरी कार्ड आणि ध्वनीची ये-जा सांभाळी, आणि जुनी डिस्क घातली की आपले मूळ काम करी. ७५००० पासून त्याच्या जागी पॉवरपीसी घराण्याची चिप आली, जी जुन्या प्रोसेसरची नक्कल सॉफ्टवेअरच्या साहाय्याने करते. नक्कल चांगली आहे, बहुतेक गेम नीट चालतात. तरीही पहिल्या प्लेस्टेशनच्या काही आणि प्लेस्टेशन २ च्याही मोजक्या गेम या यंत्रांवर अडखळतात. ज्यांच्याकडे काळ्या तळाच्या जुन्या डिस्कचा साठा आहे, त्यांनी फॅट किंवा ७०००० याच मर्यादेत राहावे.

७७००० हा ७५००० चाच पुढचा टप्पा असून त्यावर वेगळे लिहिण्यासारखे फारसे नाही. ७९००० मध्ये यंत्राचे वजन ९०० ग्रॅमवरून ६०० ग्रॅमवर आले आणि अॅडॅप्टरही हलका झाला. ९०००० मध्ये वीजपुरवठा पुन्हा आत घेतला गेला. वजन थोडे वाढून ७२० ग्रॅम झाले, पण अॅडॅप्टरची वीट नाहीशी झाली. केवळ स्वतःच्या डिस्क लावून खेळणाऱ्या, आत काही उघडण्याची इच्छा नसलेल्या घरासाठी मी ९०००० सुचवतो: यंत्रे वयाने सर्वांत तरुण, लेन्स तुलनेने कमी झिजलेली आणि हरवायला वेगळा अॅडॅप्टर नाही. बाह्य अॅडॅप्टरच्या स्लिमसोबत आज अनेकदा भलताच अॅडॅप्टर चिकटवला जातो, ही अडचणही येथे उद्भवत नाही.

मेमरी कार्डवरून सुरू होणारे ‘फ्री मॅकबूट’ (सोनीबाहेरचे प्रोग्राम चालवू देणारे सॉफ्टवेअर) वापरण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी मात्र ९०००० धोक्याची जागा आहे. या मालिकेच्या नंतरच्या यंत्रांत बायॉसची, म्हणजे यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरची, २.३० ही आवृत्ती असून तिच्यात ती वाट बंद केली आहे; मार्ग पुढे निघाले, पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये. आपल्या मालकीच्या डिस्कची प्रत हार्ड डिस्कवर ठेवून लेन्सचे आयुष्य वाचवण्याची सरळ सोय विस्ताराच्या कप्प्यामुळे फॅटमध्येच आहे. यूएसबीने तेच काम सर्व यंत्रांत होते खरे, पण ती खाच संथ यूएसबी १.१ ची असल्यामुळे चलचित्रांच्या वेळी गेम दचकत चालते. म्हणून दीर्घकाळ जपायचे एकच यंत्र घ्यायचे असेल, तर माझी निवड ५०००० ही आहे. ते न मिळाल्यास चांगल्या लेन्सचा ३९००० घ्यावा.

यंत्र पाहायला जाताना सोबत तीन डिस्क असाव्यात. पहिली निळ्या तळाची, कारण प्लेस्टेशन २ च्या काही गेम सीडीवर आल्या आणि सीडी वाचणे हे डीव्हीडी वाचण्याहून वेगळे काम आहे. दुसरी साध्या चंदेरी डीव्हीडीची. आणि तिसरी दुहेरी थराची, जसे ‘गॉड ऑफ वॉर २’. थकलेली लेन्स पहिल्या दोनपैकी एक तरी वाचून दाखवते आणि तिसरीपाशी बहुधा हार मानते. प्रत्येक डिस्क किमान पंधरा मिनिटे चालू द्यावी, बाहेर काढून तिचा तळ दिव्याखाली तिरपा धरून पाहावा, आणि मगच पैसे मोजावेत.