स्विच घेताय? गेम कार्डवर घ्यावेत की डाउनलोड करावेत?

निन्टेन्डो स्विच हे व्हिडिओ गेमचं यंत्र घ्यायचं ठरलं असेल, तर गेम कशावर घ्यायचे (दुकानात मिळणाऱ्या, यंत्रात घालायच्या छोट्या कार्डावर की नेटवरून उतरवून) याचा हिशोब आधी करा. यंत्र एकदाच घेतलं जातं, गेम मात्र पुढे कैक वर्षं घेत राहता. माझं मत स्पष्ट आहे: मोठे गेम कार्डवर, छोटे डाउनलोड.

सोलापुरात पहिला प्रश्न नेटचा. घरी फायबर असेल तर फारशी अडचण नाही. पण मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर भागवत असाल, तर सुमारे 14 जीबीचा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ उतरवायला नऊ-दहा दिवसांचा डेटा जाईल. 2017 च्या स्विचमध्ये जागाही 32 जीबीच, त्यातली काही सिस्टीमच खाते. कार्ड घातलं की खेळ सुरू, फक्त अपडेटपुरतं नेट लागतं. नवी पेठेत विचारून बघा, नाहीतर पुण्या-मुंबईहून मागवा. स्विचला प्रदेशाचं बंधन जवळपास नाही, त्यामुळे बाहेरून आलेलं कार्डही चालतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की खेळून झाल्यावर कार्ड मित्राला देता येतं, विकताही येतं. सेव्ह यंत्रातच राहतं, त्यामुळे तुमची प्रगती कार्डाबरोबर जात नाही. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. 2025 पासून तो उसना देता येतो, पण निन्टेन्डो खात्याला जोडलेल्या फॅमिली ग्रुपमधल्याच कुणाला आणि तेही दोन आठवड्यांसाठी.

शिवाय दुकानच बंद होतं, हे विसरू नका. 27 मार्च 2023 ला थ्रीडीएस या निन्टेन्डोच्याच जुन्या यंत्राच्या ई-शॉपमधली, म्हणजे ऑनलाइन दुकानातली, खरेदी थांबली. जे गेम फक्त तिथेच मिळायचे, ते आता नव्याने विकत घेता येत नाहीत. जुनी कार्डं मात्र आजही हातोहात फिरतात.

डाउनलोडची बाजू लंगडी नाही. छोट्या स्टुडिओंचे कितीतरी सुंदर गेम कार्डवर येतच नाहीत, आणि सेलमध्ये ते अगदी स्वस्त मिळतात. प्रवासात कार्डं बदलत बसावं लागत नाही. स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या दुसऱ्या यंत्रावर तर गेमचं कार्डच नसतं, तिथे हा प्रश्न उरत नाही.

स्विच 2, म्हणजे स्विचची पुढची आवृत्ती, घेणार असाल तर डब्याचा पुढचा भाग नीट वाचा. ‘गेम-की कार्ड’ लिहिलं असेल तर आत गेम नाही, फक्त चावी आहे: सगळा गेम उतरवायचा आणि खेळताना कार्डही घालून ठेवायचं. विकता येतं एवढाच फायदा. जागा वाढवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस हे जास्त वेगवान मेमरी कार्डच लागतं, घरातलं जुनं मेमरी कार्ड गेमसाठी चालणार नाही. त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.