गार पाण्याचं हॉटेल: बाड व्योरिसहोफेनला राहून आल्यानंतरचे काही महिने

जर्मनीतलं स्पा हॉटेल म्हटलं की मेणबत्त्या, मंद संगीत आणि अंगाला तेल चोळणारे हात डोळ्यांपुढे येतात. तेच हवं असेल तर बाड व्योरिसहोफेनच्या क्नाइप हॉटेलात पैसे घालू नका. इथे पहाटे दार वाजतं, दिवसातून दोनदा पायांवर गार पाणी सोडतात, संध्याकाळी सहाला जेवायला बसवतात आणि नऊच्या सुमारास आपण आपणहून आडवे होतो. मी नवऱ्याबरोबर सप्टेंबरात तिथे राहून आले. आल्या आल्याच लिहिणार होते, पण स्पाहून आलेला माणूस पहिल्या पंधरवड्यात जे बोलतो ते फारसं मनावर घेऊ नये, असं माझं मत आहे. मध्ये दिवाळी झाली, लग्नसराई झाली, आता पुण्यात मे तापलाय. त्यातलं काय टिकलं आणि काय तिथेच राहिलं, हे आता जरा खात्रीनं सांगता येईल.

गाव बव्हेरियात, म्युनिकच्या पश्चिमेला साधारण ऐंशी किलोमीटरवर. मुलगा ऑग्सबुर्गला असतो, तिथून बूखलोमार्गे रेल्वेनं तासाभरात पोचता येतं. गाव छोटं, सपाट, फिरायला सोयीचं. आणि सगळं एका माणसाच्या नावावर चालतं: झेबास्टियान क्नाइप. विणकराचा मुलगा, जन्म १८२१ चा. धर्मगुरू होण्यासाठी शिकत असताना क्षयानं खंगला. पाण्याच्या उपचारांवरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं आणि १८४९ च्या थंडीत हा गृहस्थ डॅन्यूब नदीत बुड्या मारायला लागला. क्षणभर बुडी, पटकन बाहेर, कपडे चढवून पळत घरी. तो बरा झाला, ही गोष्ट तिथे सगळे सांगतात. बुडीमुळेच झाला का, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. १८५५ मध्ये तो व्योरिसहोफेनच्या मठातल्या जोगिणींचा धर्मगुरू म्हणून आला आणि गावकऱ्यांवर पाणी ओतायला लागला. डॉक्टर आणि औषधवाल्यांनी त्याच्यावर तक्रारी केल्या. १८८६ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि मग युरोपभरातून राजेरजवाड्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे या खेड्यात लोटले. १८९७ मध्ये तो वारला. गावाच्या नावात ‘बाड’ (म्हणजे स्नान, स्नानोपचारांच्या गावाला लावतात) अधिकृतपणे लागलं ते १९२० मध्ये. २०१५ च्या डिसेंबरात जर्मनीनं क्नाइपच्या या पद्धतीला देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पाणी, वनस्पती, आहार, हालचाल आणि दिनक्रमातली शिस्त असे त्याचे पाच आधार. पहिल्या चारांवर हॉटेलं जाहिरात करतात. माझ्या मते पैसे वसूल होतात ते पाचव्यावर.

हॉटेल मध्यम दर्जाचं होतं, नाव सांगत नाही. माणशी रोजचे शंभर-सव्वाशे युरो, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. उपचारांचे वेगळे. शिवाय गावाचा पाहुणेकर, ज्याला कूरटाक्से म्हणतात, तो दर माणशी दर दिवशी. खोली स्वच्छ, बाल्कनीत दोन लाकडी खुर्च्या, खाली सफरचंदाचं झाड. दोघांना दोन वेगळ्या दुलया, त्यामुळे ओढाओढीचा प्रश्नच नाही (ही पद्धत मी घरी आणली आहे, लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेल्यावर). उशी मात्र चौकोनी, दीड हात रुंद आणि डोकं ठेवलं की पार बसणारी. मान धरली. दुसऱ्या दिवशी मागितल्यावर घट्ट उशी मिळाली, तेव्हा आधीच मागा.

आता पहाटेचं दार. उजाडायच्या आत, आपण अर्धवट झोपेत असताना, उपचार करणाऱ्या बाई टकटक करून आत येतात. हातात वाफवलेली कापडी पिशवी, आत वाळलेलं गवत आणि गवताची फुलं. हॉयझाक म्हणतात तिला. बाईंनी ती आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितली, मग मला कुशीवर वळवून कमरेखाली सरकवली, वरून लोकरीचं कापड घट्ट गुंडाळलं, दुलई गळ्यापर्यंत ओढली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. पिशवी सुरुवातीला इतकी गरम वाटते की आता चटका बसणार. तो बसत नाही. ऊब हळूहळू कमरेतून मांड्यांपर्यंत उतरते आणि खोलीभर सुक्या गवताचा गोडसर वास पसरतो. पाऊण तासानं बाई परत येऊन पिशवी काढून नेतात आणि वर सांगतात, अजून झोपा. त्यानंतरची झोप ही या सगळ्या खर्चातली सर्वात चांगली गोष्ट. नवऱ्याची कंबर वर्षानुवर्षं आखडते. तो पहिल्या दिवशी ‘हे काय भलत्या वेळी’ म्हणून कुरकुरला आणि तिसऱ्या दिवशी बाईंना दहा मिनिटं उशीर झाला तर दाराकडे बघत बसला.

गार पाण्याचा प्रकार मात्र समजून घेण्यासारखा आहे, कारण घरी आणता येतो तो हाच. पाण्याला जोर नसतो. नळीचं तोंड वर केलं तर पाणी चार-पाच बोटंच उसळेल इतकंच. सुरुवात उजव्या पावलापासून, म्हणजे हृदयापासून लांब. करंगळीकडून पोटरीच्या बाहेरच्या अंगानं वर, गुडघ्याच्या चार बोटं वर जाऊन जरा थांबायचं, पाण्याची सलग चादर खाली ओघळू द्यायची, आणि आतल्या अंगानं खाली यायचं. मग डावा पाय. मग तेच पुढच्या बाजूनं, शेवटी तळवे. सगळं दोनेक मिनिटांत आटोपतं. पाय टॉवेलनं पुसायचे नाहीत. पाणी हातानं निपटायचं, मोजे चढवायचे आणि चालू पडायचं. काही मिनिटांत पाय आतून असे तापतात की विश्वास बसत नाही. अट एकच, आणि बाई तीवर फार कडक होत्या: पाय आधीच गार असतील तर गार पाणी नाही. आधी चालून या, पाय गरम करून दाखवा. त्या खरंच हात लावून बघत.

गावच्या बागेत पोटरीभर गार पाण्याचं कुंड आहे, फुकट. त्यात करकोच्यासारखं चालायचं, दर पावलाला पाय पूर्ण पाण्याबाहेर काढून. पोटऱ्यांना कळ लागली की बाहेर. सकाळी तिथे सत्तरी-ऐंशीचे आजी-आजोबा पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून, कठड्याला धरून, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं फेऱ्या मारत असतात. जवळच अनवाणी चालायची सुमारे दीड किलोमीटरची वाट आहे: गोटे, लाकडाचा भुसा, चिखल, वाळू. आपल्याकडची मंडळी यात त्यांच्यापेक्षा सरस ठरतात.

बायका मला पहिला प्रश्न विचारतात तो कपड्यांचा. तर उपचार एकेकट्याचे असतात, अंगात बाथरोब असतो, उघडं करतात ते हवं तेवढंच. काही अडचण नाही. सॉनाचं वेगळं. जर्मनीत सॉनात स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र, पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही. खाली टॉवेल अंथरायचा, घाम लाकडाला लागता कामा नये. मी गेले नाही. नवरा गेला आणि परत येऊन म्हणाला, ‘कुणी कुणाकडे बघतसुद्धा नाही, फक्त दार उघडं टाकलंस तर ओरडतात.’ गावाबाहेर २००४ मध्ये सुरू झालेलं मोठं थर्मल बाथ आहे, काचेच्या छताखाली ताडांची झाडं लावलेलं. तिथे कोमट पाण्याच्या भागात पोशाख चालतो. एक दुपार मजेत गेली. पण ते कुठेही मिळेल असं सुख आहे, त्यासाठी या गावात यायची गरज नाही.

जेवणाबाबत शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. नाश्ता उत्तम: ताजे पाव, क्वार्क नावाचं चक्क्याच्या जवळचं दही आणि त्यात चिरलेली हिरवी पानं, मुसली, फळं, जवाच्या माल्टची कॉफी (कॉफी म्हणून प्यायलात तर वाईट, वेगळं पेय म्हणून बरी). रात्री मात्र शाकाहारी म्हणजे चीज घातलेले श्पेट्झले (तिकडच्या जाडसर शेवया), आणि दुसऱ्या दिवशीही चीज घातलेले श्पेट्झले, फक्त वर तळलेला कांदा जास्त. भाज्यांचं सूप शाकाहारी असेल असं धरून चालू नका, ते मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. खोलीत चहाची किटली नव्हती. सकाळच्या चहावाचून ज्यांचं डोकं धरतं त्यांनी घरून छोटी किटली न्यावी, आणि हो, एक मगही. का ते सांगायला नको.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. आठवड्याचं म्हणून जे पॅकेज घेतलं होतं त्यात डॉक्टरांची तपासणी आहे असंच त्या पानावरून वाटत होतं. प्रत्यक्षात ती वेगळी होती, तिचं बिल शेवटच्या दिवशी हातात आलं. स्वागतकक्षातल्या मुलीनं शांतपणे बारीक अक्षरातली ओळ दाखवली. नियमात बसणारं होतं, पण आवडलं नाही. तपासणी मात्र अवश्य करून घ्या. रक्ताभिसरणाचा त्रास, हृदयविकार, लघवीचा संसर्ग असं काही असेल तर गार पाणी खेळण्याची वस्तू नाही.

आता पुण्याचं. आल्यावर मी बागेतली जुनी झारी घेतली, पुढची चाळणी काढली आणि न्हाणीघरात रोज सकाळी अंघोळीनंतर पायांवर पाणी सोडायला लागले. क्नाइप स्वतःही आधी झारीच वापरायचा, नळी नंतर आली, त्यामुळे यात काही कमीपणा नाही. डिसेंबर-जानेवारीत झकास जमलं. नळाचं पाणी अंगावर शहारा आणण्याइतकं गार होतं. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे ते जवळजवळ थांबले. झोप सुधारली, पण त्याचं सगळं श्रेय पाण्याला देणार नाही. रात्रीचं जेवण आम्ही साडेसातवर आणलं, तेही कारण असेल. गुडघे होते तसेच आहेत. जिना उतरताना दुखतात ते दुखतातच. कुणी या पाण्यानं गुडघे बरे होतात म्हणालं तर माझा दाखला देऊ नका.

मार्चनंतर सगळी गंमत गेली. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी भाजतं आणि पहाटेसुद्धा कोमटच असतं. बर्फ घालून बघितलं, पण झारीभर पाण्यासाठी फ्रीजशी रोजची झटापट चालू राहत नाही. सध्या रात्री माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली कळशी भरून ठेवते आणि सकाळी तेच पाणी वापरते. व्योरिसहोफेनच्या गारव्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण अगदीच वाया नाही. हॉयझाक घरी जमला नाही. मुलानं पाठवलेल्या पिशवीतलं गवत पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही असं दिसतंय, आणि पहाटे उठून ती वाफवणार कोण, हा मूळ मुद्दा.

आमच्या सासूबाई पूर्वी उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात जाऊन राहायच्या. कटिस्नान, पोटावर मातीची पट्टी, लवकर जेवण, लवकर झोप. १९४६ मध्ये गांधीजींनी तो सुरू केला, मणिभाई देसाईंनी पुढे चालवला. गांधीजींवर लाइपझिगच्या लुई कूने या जर्मन निसर्गोपचारकाचा प्रभाव होता, कटिस्नान त्याचंच. म्हणजे जर्मनीतला हा पाण्याचा नाद आपल्याकडे आधीच येऊन बसलेला आहे. उरुळीला ज्यांनी शिस्तीत आठवडा काढलाय त्यांना बाड व्योरिसहोफेन नवीन वाटणार नाही, फक्त खोली चांगली आणि बिल कितीतरी पट. मुद्दाम पुण्याहून एवढ्यासाठी विमान पकडू नका. मुलं तिकडे असतील, जाणं होणारच असेल, तर चार दिवस बर्लिन-प्राग करण्याऐवजी इथे काढा, असं मी नक्की म्हणेन.

जर्मनीत नोकरी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात असाल तर मान्यताप्राप्त उपचारगावातली प्रतिबंधक ‘कूर’ (आजार टाळण्यासाठी तिथे राहून घ्यायचे उपचार) ही २०२१ पासून पुन्हा विम्यावर बंधनकारक सेवा झाली आहे. डॉक्टरनं गरज आहे असं लिहून दिलं आणि विम्यानं मंजुरी दिली, तर उपचारांचा मोठा भाग विमा उचलतो, दहा टक्के आणि चिठ्ठीमागे दहा युरो आपण भरायचे, राहण्याखाण्यासाठी दिवसाला १६ युरोपर्यंत मदत मिळू शकते. अर्ज मात्र आधी करायचा, जाऊन आल्यावर नाही. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘आई, मी अजून चाळिशीचाही नाही.’ त्याची पाठ माझ्यापेक्षा वाईट आहे.

जुलै-ऑगस्टात जाऊ नका, आमच्या हॉटेलात एसी नव्हता, पंखाही नव्हता. सप्टेंबर छान. आणि बुकिंगच्या मेलमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: डॉक्टरांची तपासणी दरात धरली आहे का, सूप कशाच्या पाण्यात करतात, आणि हॉयझाक आठवड्यातून किती वेळा. आमच्या पॅकेजात तो एक दिवसाआड होता. नवरा म्हणतो, पुढच्या वेळी सूप कसलंही असू दे, हॉयझाक रोज हवा.