फोर-डी सीटी सिम्युलेशन: फुप्फुसाच्या रेडिएशनसाठी किती भरवशाचं?

फुप्फुसातली गाठ श्वासाबरोबर हलते. डायाफ्रामजवळची (छाती आणि पोटामधल्या श्वासपटलाजवळची) गाठ तर कधी सेंटिमीटरहून जास्त, तीही मुख्यतः वर-खाली. साधा सीटी तिला एखाद्याच क्षणी पकडतो आणि त्यावरच प्लॅन केला तर गाठीची कड किरणांबाहेर राहू शकते. म्हणून उपचार आखण्यासाठीच्या स्कॅनला, म्हणजे सिम्युलेशनला, श्वासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांतली चित्रं घेणाऱ्या फोर-डी सीटीला आमची ठाम पसंती आहे. अट एकच: पेशंट टेबलावरून उठण्याआधी चित्रं तपासून झाली पाहिजेत.

सपाट टेबल, हात डोक्यावर, पाठीखाली व्हॅक्यूम कुशन. पोटावरचा पट्टा किंवा मार्कर श्वासाची लय टिपतो आणि त्यानुसार चित्रं साधारण १० टप्प्यांत विभागली जातात. स्लाइस २ ते ३ मिलिमीटरच्या हव्यात. खरा घोळ श्वासात होतो. मध्येच खोकला आला, श्वास लांबला, की डायाफ्रामची कड पायऱ्या पडल्यासारखी तुटते. गाठ दोनदा दिसते किंवा अर्धी गायब होते. पेशंटचा श्वास संथ असून टेबल वेगाने सरकलं, तर काही टप्प्यांची चित्रंच मिळत नाहीत. म्हणून पेशंटला आधी काही मिनिटं शांत पडू द्यावं आणि नेहमीसारखाच श्वास घ्यायला सांगावं. मुद्दाम खोल श्वास घ्यायला लावू नये. उपचाराच्या दिवशी तो तसा नसतो.

सगळ्या टप्प्यांतले सर्वांत उजळ बिंदू एकत्र करणारं एमआयपी चित्र गाठीचा पूर्ण प्रवास एका नजरेत दाखवतं, आणि गाठीची कड आखण्याचा बराच वेळ वाचतो. पण गाठ छातीच्या भिंतीला, डायाफ्रामला किंवा मेडियास्टिनमला (दोन फुप्फुसांमधल्या भागाला) टेकलेली असेल तर तिथली घनता सारखीच असल्याने कड विरघळते. अशा वेळी दहाही टप्पे उघडून पाहण्याला पर्याय नाही. गाठ लंग विंडोत (फुप्फुस नीट दिसेल अशा उजळपणाच्या सेटिंगमध्ये) आखावी, लिम्फ नोड मेडियास्टिनल विंडोत (मऊ ऊती नीट दिसतील अशा सेटिंगमध्ये). फुप्फुसाचा भाग कोलमडलेला असेल तर गाठ कुठे संपते हे सीटीवर कळतच नाही. तिथे गाठीतल्या सक्रिय पेशी दाखवणारा पेट स्कॅन जोडून घ्यावा. डोसचा हिशेब मात्र एमआयपीवर करू नये, सगळ्या टप्प्यांच्या सरासरी चित्रावर करावा. एमआयपीत फुप्फुस प्रत्यक्षापेक्षा दाट दिसतं.

साध्या सीटीपेक्षा स्कॅनचा डोस बराच जास्त असतो, पण उपचाराच्या डोसपुढे तो किरकोळ.

उणीव मोठी एकच. हा स्कॅन एका दिवसाच्या मोजक्या श्वासांचा असतो. पुढे गाठ आकसते, फुप्फुसाभोवतीचं पाणी ओसरतं, कोलमडलेला भाग उघडतो. उपचाराआधी रेडिएशनच्या मशीनवरच घेतलेल्या कोन-बीम सीटीवर असा बदल दिसला, तर नव्याने स्कॅन करून प्लॅन पुन्हा तपासावा.