फाउंटनचा जुन्या पुस्तकांचा स्टॉल, ५ पैकी ४ स्टार

चर्चगेटवरून चालत फाउंटनला गेलो, फूटपाथवरच्या काकांकडे आयर्लंडच्या १९२२ सालावरचं एक जाडजूड पुस्तक दिसलं, २५० म्हणाले, घासाघीस करून १५० ला उचललं. वाचायला जाम भारी आहे राव, एका वर्षात किती ते, जानेवारीत इंग्लंडशी केलेला स्वातंत्र्याचा करार आयरिश संसदेत ६४ विरुद्ध ५७ असा कसाबसा पास, फेब्रुवारीत तिकडे पॅरिसमध्ये आयरिश लेखक जॉइसची ‘युलिसिस’ कादंबरी बाहेर आली, आणि जूनमध्ये त्या करारावरूनच कालपर्यंत इंग्रजांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेलेच एकमेकांवर तोफा डागतायत! त्यात डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला, शेकडो वर्षांचे कागद खाक (इथे खरंच पोटात तुटलं). ऑगस्टमध्ये करार करणाऱ्या नेत्यांपैकी ग्रिफिथ वारला, १० दिवसांनी त्याचा साथीदार कॉलिन्स गोळी लागून गेला, वय फक्त ३१.

आणि डिसेंबरात फ्री स्टेट (आयर्लंडचं नवं स्वतंत्र राज्य) झालं तो भाग? पानंच नाहीत! काकांना दाखवलं तर म्हणे, “साहेब, आधी उलटून बघायचं ना.” पण ५० परत दिले, म्हणून ४ स्टार. पावसात जाऊ नका, सगळं प्लास्टिकखाली झाकलेलं असतं.